तबेल्यात ठेवलेली माणसं

संपादक साहेब,

पर्ल हार्बर, हिरोशिमा यावर दरवर्षी लेख येतात पण अमेरिकेतल्या जपानी कुटुंबांचं काय झालं ते फारसं कुणी लिहीत नाही. जपानशी युद्ध पेटल्यावर फेब्रुवारी 1942 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ऑर्डर 9066 या सरकारी हुकुमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लाखाहून जास्त लोकांना कॅम्पात डांबलं, त्यातले दोन तृतीयांश तर तिथेच जन्मलेले, रीतसर अमेरिकन नागरिक! हातात मावेल तेवढंच सामान न्यायचं, बाकी शेती, दुकान येईल त्या भावात विकायचं. सांता अनिताच्या रेसकोर्सवर तर घोड्यांच्या तबेल्यांना चुना फासून त्यात अख्खी कुटुंबं कोंबली, लिदीचा वास काही जाईना. आणि कमाल म्हणजे याच कॅम्पांतली पोरं अमेरिकन सैन्याच्या 442 व्या रेजिमेंटमधून इटली-फ्रान्समध्ये लढली, घरचे मात्र काटेरी तारांच्या आत.

1988 ला अमेरिकन सरकारनं माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी 20 हजार डॉलर मंजूर केले, पण ज्यांची शेती गेली ते म्हातारे बरेचसे तोवर वारले होते.

आपल्याकडेही राजस्थानात देवलीला ब्रिटिशांनी सिंगापूर-मलायातून आणलेले जपानी ठेवले होते, आणि 1962 च्या युद्धात तिथेच आपण आसाम-बंगालमधली चिनी वंशाची कुटुंबं नेऊन ठेवली. त्यांना सरकारकडून अजून साधी माफीही नाही.

- एक वाचक, नाशिक