पाटे वाढवण्यास नकार देणाऱ्या मिस्त्रींचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पिकअपच्या हौद्यावर, छत वर उचलता येणारा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायची खोली, आपण बसवून दिलात, त्याबद्दल हे आभारपत्र. आपण केलेल्या कामाइतकेच आपण करायचे नाकारलेले कामही इतर गाडीमालकांना कळावे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

आपल्या परभणीकडे गाडी मागून दबू लागली की मागच्या कमानीत (स्प्रिंगमध्ये) दोन पाटे वाढवून मोकळे होतात. आमचीही मागणी तीच होती आणि पाटे टाकून पैसे घेण्यास आपल्याला कोणाची आडकाठी नव्हती. तरी आपण आम्हाला आधी जिनिंगच्या वजनकाट्यावर पाठवले. डिझेलची टाकी भरून आणि घरची सगळी माणसे आत बसवून, प्रथम फक्त पुढची चाके व नंतर संपूर्ण गाडी काट्यावर घ्यायला सांगितली, म्हणजे दोन्हींच्या फरकावरून मागच्या एक्सलवरचा भार निघतो. कंपनीने ठरवलेल्या कमाल एकूण वजनातून आमच्या गाडीचे हे वजन वजा करून जे उरले, तेवढ्यात कॅम्पर, गाद्या, शेगडी, सिलिंडर आणि पाणी बसले पाहिजे, हे आपण पावतीच्या मागेच मांडून दाखवलेत. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, पण टाकी विकत घेताना ते कोणाला आठवत नाही! आम्ही लहान टाकी घेतली. पाटे वाढवल्याने गाडी मागून उचललेली दिसते, पण एक्सल, ब्रेक आणि टायर यांची ताकद होती तेवढीच राहते, असे आपण म्हणालात. टायरच्या कडेवरचा ११२ हा भारांक म्हणजे त्या एका टायरला जास्तीत जास्त १,१२० किलो, हेही आपणच वाचायला शिकवलेत.

कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या किंचित पुढे राहावा, यासाठी आपण तो हौद्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत सरकवलात. भार एक्सलच्या मागे गेला असता तर पुढची चाके हलकी होऊन कन्नडच्या घाटात स्टिअरिंगवर भरवसा राहिला नसता. हौद्याचा पत्रा पातळ म्हणून चारही कोपऱ्यांचे टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचे ताण, आपण थेट चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बसवलेल्या पट्ट्यांत अडकवलेत, आणि कॅम्पर घसरू नये म्हणून खाली रबराची चटई अंथरलीत. वेल्डिंगलाही आपण नाहीच म्हणालात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, त्यामुळे जे बसवायचे ते बोल्ट सोडून काढता येईल असेच बसवायचे, हा आपला आग्रह मला फार पटला.

विजेच्या कामात दुसऱ्या बॅटरीसाठी रिले (इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच), जाड वायर आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज देऊन आपण रात्रीच्या दिव्यांमुळे सकाळी स्टार्टर अडण्याची काळजी मिटवलीत.

येलदरीच्या बाजूच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर टर्नबकल थोडे सैल होतात; आपण सांगितल्याप्रमाणे थोडे अंतर गेल्यावर थांबून ते आवळतो. दसऱ्यानंतर गाडी पुन्हा तपासणीला आणतो. तेव्हा चासीवरचे बोल्ट आणि मागच्या टायरांची झीज आपण स्वतः पाहावी, ही विनंती.

आपला आभारी,
एक गाडीमालक, परभणी