काळ्या गळ्याचा चिमणा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत माझा साडेतीन वर्षांचा नातू पुण्याहून आला, तो प्राण्या-पक्ष्यांच्या गाण्यांची आठ चित्रपुस्तकं पिशवीत घेऊनच. जाड पुठ्ठ्याची पानं, पानावर चार-चार ओळी, नेटकं यमक. पंधरा दिवसांत त्याने ती माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतली की आम्हा दोघांनाही पाठ झाली. पाठ झाली म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

या आठ पुस्तकांत मिळून पिल्लाला भरवण्याची, न्हाऊ घालण्याची, निजवण्याची अकरा चित्रं आहेत. अकराही ठिकाणी आई आहे. चिऊताई, मनीमाऊ, खारूताई, गाय, कोंबडी. बाप दोनच ठिकाणी दिसले. सिंहराजे दगडावर बसून डरकाळी फोडतात आणि अस्वलबाबा संध्याकाळी पिशवी घेऊन घरी येतात. पिल्लाला हात लावणारा बाप एकाही पानावर नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते चिमणीचं पान. चिऊताई पदर खोचून पिल्लांच्या चोचीत घास घालते आहे. चित्र सुरेख आहे, पण या चिऊताईचा गळा काळा आहे आणि डोक्यावर राखाडी टोपी आहे. चिमण्यांकडे थोडं निरखून पाहिलेल्या कुणालाही कळेल की हा चिमणा आहे. मादी साधी तपकिरी असते, तिच्या गळ्यावर काळं काही नसतं. चित्रकाराने पिल्लांना भरवणाऱ्या नरावरूनच चित्र काढलं असावं. मग त्याला पदर दिला, कपाळावर टिकली लावली आणि आई करून टाकलं.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होते. आमच्या अंगणवाडीच्या पत्र्याखाली, भिंतीच्या फटीत, दरवर्षी चिमण्यांचं घरटं व्हायचं. एका वर्षी मी मुलांना सांगितलं, आज खेळ नाही, आज फक्त बघायचं. काळ्या गळ्याचा आला की मुलांनी बोट वर करायचं, साध्या गळ्याची आली की मुलींनी. खाऊची वेळ होईपर्यंत दोन्हीकडची बोटं सारखी वर-खाली होत होती. चिमण्या एरवी दाणे टिपतात, पण पिल्लांना अळ्या आणि किडे आणून भरवतात, आणि दोघंही आणतात. अंडी उबवायलाही दोघं आळीपाळीने बसतात. मादी जास्त वेळ बसते, पण नरही बसतो. त्या दिवशी मुलांनी हे पुस्तकाशिवाय शिकून घेतलं.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई बाळंतपणात गेली होती. वडील उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. हंगामात रात्रभर कारखान्यावर गाडी खाली होण्याची वाट बघायची आणि सकाळी पोराला आंघोळ घालून, तेल लावून, भांग पाडून अंगणवाडीत सोडायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. पोराची बटणं कधी वर-खाली लागलेली नसत. आम्ही पालकांना बोलवायचो तेव्हा मी फळ्यावर माझ्याच हाताने ‘माता मेळावा’ असं लिहीत असे. ते गृहस्थ यायचे आणि दाराबाहेर पायरीवर उकिडवे बसायचे. आत या म्हटलं तरी येत नसत. फळ्यावर त्यांना बोलावलेलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला दोन मेळावे जावे लागले. नंतर मी ‘पालक मेळावा’ लिहू लागले.

त्या मुलाला आईची गाणी म्हणताना मी पाहिलं आहे. तो म्हणायचा, तोंड हलवायचा, पण हातवारे करायचा नाही. म्हणून मी चिमण्यांचं एक गाणं स्वतः जुळवलं:

चिमणी गेली दाण्याला,
चिमणा बसला अंड्याला;
चिमणी आली घरट्यात,
चिमणा उडाला रानात.

यात कविता म्हणून फार काही नाही. पण हे गाणं लागलं की तो मुलगा पुढे येऊन अंड्यावर बसायचा आणि उठवलं तरी उठायचा नाही.

गाणी जुळवताना एक गोष्ट समजली, ती लिहिणाऱ्यांना सांगाविशी वाटते. आपल्या भाषेत ‘आई’ला यमक फार सहज मिळतं. ताई, गाई, घाई, साई, जाई, अंगाई. ‘बाबा’ला काय आहे? ताबा आणि ढाबा. ओळीच्या शेवटी आई आपोआप येऊन बसते आणि बाबा जुळत नाहीत म्हणून बाहेर राहतात. उपाय सोपा आहे. बाबांना ओळीच्या मध्ये बसवावं, नाहीतर सरळ ‘बाप’ म्हणावं. बापाला माप आहे, थाप आहे. पिल्लाला निजवणाऱ्या गाण्यात थाप असायलाच हवी.

सुगरणीचंही असंच. नाव बाईचं, पण आमच्या विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. उसाच्या पातीच्या आणि गवताच्या बारीक चिरफळ्या काढून तो अर्धा खोपा विणतो, मग मादी येऊन तपासते, पसंत पडला तर पुढचं काम. बहिणाबाईंची खोप्याची कविता मला प्राणाहून प्रिय आहे, तिच्यातला एक शब्दही बदलू नये. पण ती शिकवून झाल्यावर मुलांना बाभळीखाली नेऊन खरा विणकर दाखवायला काय हरकत आहे? आणि हेही खरं सांगावं की एक खोपा पसंत पडला की हा नर दुसरा विणायला लागतो आणि पिल्लांना भरवायचं बहुतेक काम मादीवर पडतं. बापाला उगाच मोठं करा असं माझं म्हणणं नाही. जे जसं आहे तसं दाखवा.

धनेशाचं तर एक अख्खं पुस्तक होईल. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचं तोंड विष्ठेने लिंपून फक्त एक फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांनाही उंबर, वड, पिंपळाची फळं भरवतो. राखी धनेश पुण्यात, मुलीच्या सोसायटीसमोरच्या झाडांवरही येतो. कमळाच्या तळ्यातल्या कमळपक्ष्यात तर अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे पूर्ण नराचंच काम. उलट हत्तींच्या कळपाची पुढारी म्हातारी हत्तीण असते, पण पुस्तकात सगळीकडे हत्तीदादा.

हे फक्त मराठीत आहे असं नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९०० ते २००० या काळातली पाच हजारांहून जास्त मुलांची पुस्तकं तपासली होती. नर पात्रं सगळीकडेच जास्त निघाली, आणि ही तफावत माणसांपेक्षा प्राण्यांच्या पात्रांत अधिक होती. आपल्याकडे बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण दुसरीत मूल सात वर्षांचं होतं. पिल्लाला कोण भरवतं हे ते तिसऱ्या वर्षीच पाठ करून बसलेलं असतं.

जुनी गाणी टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. काऊ-चिऊची गोष्ट मी हजारो वेळा सांगितली आहे, पुढेही सांगेन. कावळा दार ठोठावतो आणि चिऊ बाळाची आंघोळ उरकत असते, तेव्हा मी एवढंच घालते की चिमणा बाळाचं अंग पुसत होता. गोष्ट कुठेही अडत नाही. नव्याने लिहिणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी मात्र हे मनावर घ्यावं, कारण ही पुस्तकं आता रात्री बाबाही वाचून दाखवतात. माझा जावई रोज वाचतो. मुलाला मांडीवर घेऊन, त्याला भरवता भरवता तो जे वाचतो त्यात त्याच्यासारखा एकही बाप नाही.

आपल्या बालपुरवणीत चिमण्यांची चित्रं नेहमी येतात. आपल्या चित्रकारांना प्रत्यक्ष बघायचं असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या गावी यावं. अंगणवाडीत आता नवीन बाई आहेत, पण पत्र्याखालची फट त्यांनी बुजवू दिलेली नाही. सकाळी आठ ते दहा दोघांचीही ये-जा चालू असते.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. इंदापूर, जि. पुणे