म्हातारा पडला, आणि मी त्याच्या सावलीत बसलो होतो

प्रिय दिग्या,

सात महिन्यांनी लिहितोय. शिव्या नंतर घाल, आधी ऐक. म्हातारा पडला. वादळात अख्खं झाड मुळासकट उपटलं आणि कुंपणावर आडवं झालं. लाजेची गोष्ट पुढेच आहे. तो पडल्यावर अकरा दिवस मी रोज संध्याकाळी त्याच्या सावलीत बसत होतो.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे. झालं.

तर ते घर, हेडसेट डोळ्यांवर चढवला की दिसणारं, मी प्रोग्राम लिहून उभं केलेलं. तू पाहिलंस तेव्हा नुसत्या पांढऱ्या भिंती होत्या आणि तू विचारलं होतंस, "छान आहे, शवागार का?" त्यानंतर मी भिंतीच काढल्या. आता मधोमध अंगण, भोवती तीन खोल्या. छपराकडे जरा वेळ बघत राहिलं की ते विरघळतं. जिना कशालाच न टेकता थेट शेंड्यापर्यंत जातो. हेडसेटमधल्या घराला खांब लागत नाहीत, ही एक चैन. आणि अंगणात म्हातारा. खऱ्या म्हाताऱ्याच्या खोडावर मी एक डबी बसवली होती. खोड किती झुलतंय, हवा किती दमट, मुळाशी ओल किती, सगळे आकडे तिच्यातून यायचे. तिकडे वारा सुटला की इकडे पानं सळसळायची. उन्हाला मात्र डबी लागत नाही. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ एवढं दिलं की सूर्य कुठे असेल ते गणितानं निघतं. तिथेच मी फसलो. अकराही दिवस उन्हं बरोबर कलत होती, सावली बरोबर लांबत होती. वारा तेवढा खोटा होता.

तो खोटेपणाही माझाच. संपर्क अधूनमधून तुटायचा, मग झाड फोटोसारखं गोठायचं. ते बघवेना म्हणून मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: आकडे आले नाहीत तर मागच्या आठवड्याची सरासरी चालव. डबी खोडाखाली चिरडली गेली आणि म्हातारा सरासरीवर जगत राहिला. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, रोज सूचना येत होती. लॉग कोण वाचतं!

तुझा चेहरा दिसतोय मला. पीटर कान यांचा 2008 चा तो प्रयोग तू मला काहीही न लिहिता नुसता पाठवला होतास. नव्वद माणसं, त्यांना आधी थोडा ताण द्यायचा. मग काहींसमोर झाडांकडे उघडणारी खरी खिडकी, काहींसमोर तोच देखावा दाखवणारा मोठा प्लाझ्मा पडदा, काहींसमोर कोरी भिंत. खिडकीपाशी हृदयाचे ठोके लवकर ठिकाणावर आले. पडदा भिंतीपेक्षा सरस ठरला नाही. मी लगेच उसळलो, पडद्यावरचं दृश्य जागचं हलत नाही, हेडसेटमध्ये मान वळवली की बदलतं. तू म्हणालास, "मान तुझी वळते, झाडाला काय त्याचं?" मग धबधब्यावरच्या घराचं भांडण, ते अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर. मालकाला धबधबा समोर दिसायला हवा होता आणि राइटनं घर त्याच्याच डोक्यावर बांधलं. घरात पाण्याचा आवाज येतो, पाणी बघायचं तर बाहेर जावं लागतं. तू त्यावर फिदा. मी म्हणालो, ते इतकं गळायचं की मालकच त्याला सात बादल्यांचं घर म्हणायचा, आणि गच्च्या इतक्या खचल्या की 2002 मध्ये पोलादी केबल ताणून धरायला लागल्या. तू काय म्हणालास आठवतं? "गळतं म्हणजे पावसाशी बोलणं आहे त्याचं." चार दिवस हसलो होतो. आता हसू येत नाही. (माझी छत्री अजून तुझ्याकडे आहे, तो मुद्दा वेगळा.)

पण माझा खरा घोर मावशीचा आहे. खुबा मोडल्यापासून ती मागच्या खोलीत पडून असते, खिडकीसमोर भिंत. उलरिकचा 1984 चा अभ्यासही तूच दाखवला होतास ना? पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, तेवीस जणांना खिडकीतून झाडं दिसायची, तेवीस जणांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, जालीम वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. म्हणून मी तिला हेडसेट चढवला. ती त्याला झापड म्हणते. "लाव रे झापड." रोज वीसच मिनिटं. भिंगं डोळ्यांना एकाच अंतरावर रोखून धरतात, फार वेळ झाला की डोकं जड होतं. झाडाशी बोलते. "दिग्याला सांग, ती फांदी वाळली आहे, चढू नको म्हणावं." तुझं वय तिच्या लेखी अजून अकरा आहे.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "याला बरं नाही का रे?"

मी म्हटलं, वारा कमी असेल.

"वारा कमी असला की हा गप्प उभा राहतो. मग मध्येच डावीकडची एकच फांदी दचकते. हा आज नुसता मान डोलावतोय, कीर्तनाला बसल्यासारखा."

दिग्या, सरासरी काढली की झोतही जातो आणि थांबणंही जातं, उरतं ते डुलणं. सेकंदाला नव्वद चित्रं, एकेका चित्राला जेमतेम अकरा मिलिसेकंद, त्यात पानं कशी बसवायची यावर मी तीन वर्षं डोकं फोडलं. आणि मोतीबिंदू झालेल्या बाईनं ते चार दिवसांत पकडलं. मी काय केलं? हेडसेटचा पट्टा घट्ट केला.

आता सुचत नाही. दोन वर्षांचे खरे आकडे साठवलेले आहेत, त्यातला एखादा वाऱ्याचा दिवस लावून देता येईल. पण तिला तोही कळेल, अशी आता भीती वाटते. नाहीतर घरातल्या म्हाताऱ्यालाही पाडायचं. काल रात्री करून पाहिलं. खोड तिरकं केलं, जमीन फाटली आणि खाली काहीच नव्हतं. मुळं मी केलीच नव्हती. जमिनीखाली कोण बघणार, म्हणून. खोड ठोकळ्यासारखं लवंडलं आणि बुडाशी नुसती करडी पोकळी. तिथे रोप लाव म्हणशील, पण आधी तिला काय सांगू? या वर्षी एक बातमी तिला मीच सांगितली आहे. दुसरी माझ्याच तोंडून नको.

तुझ्या बदलीचं कळलं, चांगलं झालं, तो साहेब सुटला एकदाचा. लेकीचं अभिनंदन, खरंच. वहिनींना माझ्यावर रागवायचा पूर्ण हक्क आहे, तसं सांग.

म्हाताऱ्याचा आवाज तू कधीतरी रेकॉर्ड केला होतास, त्या पावसात, आपण भिजलो होतो ती रात्र. असेल तर शोध. आणि येता आलं तर ये.

ती सरासरीची ओळ मी खोडून टाकली आहे. सोमवारपासून मावशीला झापड दिलेलं नाही. चार्जर दिग्या घेऊन गेला, असं सांगितलंय. तिचा फोन आला तर सांभाळून घे.

तुझाच,
बंड्या