ती कंपनी २०१८ची नाही, १९९५ची आहे

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

मोबाइल कंपन्यांविषयी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पानभर मजकूर आला, तो मी दोनदा वाचला. एका चौकटीत व्होडाफोन आयडियापुढे ‘स्थापना : २०१८’ असं छापलं आहे. ते दुरुस्त व्हावं म्हणून हे पत्र. मी रत्नागिरीत तेवीस वर्षं दुकान चालवलं, आधी एसटीडी बूथ आणि पुढे सिमकार्ड-रिचार्ज. या कंपनीचा जवळजवळ सगळा प्रवास माझ्या काउंटरवरून गेला आहे, म्हणून राहवलं नाही.

२०१८ साली झालं ते व्होडाफोन आणि आयडिया यांचं विलीनीकरण. कायद्याच्या कागदावर ही कंपनी म्हणजे १४ मार्च १९९५ रोजी बिर्ला कम्युनिकेशन्स या नावाने नोंदलेलीच कंपनी. नावं तेवढी बदलत गेली.

सुरुवातीला सरकारने देशाची सर्कलमध्ये वाटणी करून प्रत्येक सर्कलमध्ये दोन खासगी कंपन्यांना परवाने दिले. मुंबई हे एक सर्कल आणि गोव्यासह बाकीचा महाराष्ट्र हे दुसरं. म्हणजे रत्नागिरी आणि पणजी एका सर्कलमध्ये, पण रत्नागिरी आणि परळ वेगवेगळ्या! कोकणातल्या घराघराचा अर्धा भाग मुंबईत असतो, हे ती रेघ मारणाऱ्यांना कोणी सांगितलंच नसावं. गणपतीला चाकरमानी यायचे, त्यातल्या काहींच्या कमरेला मोबाइल असायचा. पण इथे रोमिंग लागायचं आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. म्हणून मोबाइल बंद करून ठेवून ही मंडळी माझ्या बूथसमोर रांगेत उभी राहायची आणि भिंतीवरच्या मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायची.

आमच्या सर्कलचे पहिले दोन परवाने मिळाले बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल यांना. ९८२२ने सुरू होणारे नंबर पहिल्या कंपनीचे, ९८२३ने सुरू होणारे दुसरीचे. आजही गावात एखाद्याचा नंबर ९८२२ किंवा ९८२३ने सुरू झाला की हा जुना ग्राहक, हे मी ओळखतो. हे दोन नंबर एकमेकांचे स्पर्धक म्हणून जन्मले आणि शेवटी एकाच घरात आले, तीच या कंपनीची खरी कहाणी. चौकटीत त्याचा उल्लेखही नाही.

९८२२ची वाट त्यातल्या त्यात सरळ. बिर्ला समूह आणि अमेरिकेची एटी अँड टी यांनी १९९७मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सेवा सुरू केली. पुढे आंध्र प्रदेशातली टाटा सेल्युलर त्यांच्यात मिसळली आणि कंपनीचं नाव झालं बिर्ला टाटा एटी अँड टी. आद्याक्षरं जुळवून लोक तिला ‘बटाटा’ म्हणायचे. २००२मध्ये ‘आयडिया’ हे नाव आलं. २००४मध्ये एस्कोटेल ही मोबाइल कंपनी घेतल्यावर केरळ, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश हाताशी आला. मग अमेरिकन भागीदार बाहेर पडला आणि २००६मध्ये टाटांनी आपला ४८.१४ टक्के हिस्सा ४,४०६ कोटी रुपयांना बिर्लांना विकला. २००८मध्ये स्पाइस ही कंपनी घेतली, त्याबरोबर पंजाब आणि कर्नाटक आले. इकडे माझ्या गिऱ्हाइकाला यातलं काहीही कळायची गरज पडली नाही. नंबर तोच, कार्ड तेच.

९८२३चं तसं झालं नाही. बीपीएल नावाच्या कंपन्या मुंबईतही होत्या आणि आमच्याकडेही. नाव एक असलं तरी नशीब वेगळं निघालं. २००५-०६मध्ये महाराष्ट्र, तामिळनाडू आणि केरळची बीपीएल हचिसन-एस्सारकडे गेली. मुंबईची मागे राहिली, २००९मध्ये तिचं ‘लूप’ झालं आणि परवान्याची मुदत संपल्यावर २०१४च्या अखेरीस ती बंद पडली. एकाच कुटुंबात भावाचा रत्नागिरीतला बीपीएलचा नंबर आजही चालू आहे आणि मुंबईतल्या बहिणीला मात्र दुसऱ्या कंपनीकडे जावं लागलं, अशी घरं मला माहीत आहेत.

हचिसन ही हाँगकाँगची कंपनी. मुंबईत ती आधी ‘मॅक्स टच’, मग ‘ऑरेंज’ आणि नंतर ‘हच’ झाली. आमच्याकडे तिचा गुलाबी बोर्ड लागला. तो लागून दोन वर्षंही झाली नसतील, तोच २००७ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या व्होडाफोनने हचिसन-एस्सारमधला तिचा ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतला. सप्टेंबरमध्ये गुलाबीचा लाल झाला. २०१९ साली दुकान भाच्याच्या हवाली करताना मी तो पत्र्याचा बोर्ड उतरवून खरवडला. खाऱ्या वाऱ्याने पत्रा कडेने खाल्ला होता. लाल रंगाखालून गुलाबी निघाला आणि गुलाबीखालून बीपीएलच्या एका अक्षराचा कोपरा. तो तुकडा मी कापून घरी ठेवला आहे.

ही २००७ची विक्री झाली कुठे, हे वाचकांना सांगायला हवं. ती मुंबईत झाली नाही की दिल्लीतही झाली नाही. केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीचा समभाग एका परदेशी कंपनीने दुसऱ्या परदेशी कंपनीला दिला आणि त्या एका व्यवहारात आमच्या लांजा-राजापूरपर्यंतचे ग्राहक नव्या मालकाकडे गेले. धंदा भारतातला म्हणून भारताच्या आयकर खात्याने सुमारे ११ हजार कोटी रुपयांचा कर मागितला. जानेवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सरकारने कायदाच मागच्या तारखेपासून बदलला आणि २०२१मध्ये तो बदल मागे घेतला. कर योग्य की अयोग्य यावर जाणकारांनी बोलावं. माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या भांडणात ग्राहक हा मोजायचा माल होता, विचारायचा माणूस नव्हता.

याचा परिणाम दुकानात कसा दिसतो तेही सांगतो. २००६च्या सुमारास एकदा पैसे भरले की फोन येत राहणारी ९९९ रुपयांची ‘लाइफटाइम’ कार्डं निघाली. जवळजवळ सगळ्याच कंपन्यांनी ती काढली. मिरकरवाड्याजवळ मच्छी विकणाऱ्या एका मावशींनी पैसे साठवून माझ्याकडून असं कार्ड घेतलं, कारण मुलगा बोटीवर होता आणि त्याचा फोन यायला हवा होता. नियमात ‘लाइफटाइम’ म्हणजे कंपनीच्या परवान्याचं आयुष्य, आणि परवाना होता वीस वर्षांचा. हे त्यांना मी तेव्हा सांगितलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. २०१८च्या अखेरीस दर महिन्याला किमान ३५ रुपयांचं रिचार्ज आलं, तेव्हा मावशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं जुनं पाकीट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मी तर अजून जिवंत आहे.” कार्ड कोणत्या कंपनीचं होतं ते मुद्दाम लिहीत नाही. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते आजही नाही.

पुढचं बरंचसं वाचकांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली आणि दर कोसळले. एकेका कंपनीचा दम तुटत गेला. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोनचा भारतातला धंदा आयडियात मिसळला आणि ९८२२ व ९८२३ एका छपराखाली आले. त्या दिवशी ४०.८ कोटी ग्राहकांची ही देशातली सर्वांत मोठी कंपनी होती. आज ग्राहक त्याच्या निम्म्यावर आहेत. २०२०मध्ये दोन्ही नावं पुसून ‘वी’ हे नाव आलं.

घसरणीचं दुसरं कारण जुन्या देण्यांचं. १९९९च्या धोरणाने ठरावीक परवाना फी जाऊन उत्पन्नाचा वाटा सरकारला देणं आलं. आपण बाग वाट्याने घेतो, तसंच. पण वाटा फक्त आंब्याचा, की बागेतली वाळकी लाकडं विकली त्याचाही? कंपन्या म्हणत होत्या, फक्त फोनसेवेचं उत्पन्न धरा. सरकार म्हणत होतं, व्याज, भाडं, सगळं धरा. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं आणि या कंपनीच्या डोक्यावर ५८ हजार कोटींहून अधिक देणं आलं. एवढे पैसे तिच्याकडे नव्हतेच. मग सरकारने देण्याच्या बदल्यात शेअर घेतले. २०२३मध्ये १६,१३३ कोटींचे आणि २०२५मध्ये ३६,९५० कोटींचे. आता जवळपास ४९ टक्के हिस्सा सरकारचा, म्हणजे सर्वांत मोठा भागधारक सरकार.

आपल्या लेखात ही गोष्ट शेअर बाजाराची बातमी म्हणून आली आहे. मला ती कोकणाची बातमी वाटते. ४९च्या पुढे जायचं नाही आणि कंपनी चालवायची नाही, असं सरकारने सांगितलं आहे. ठीक आहे, चालवू नका. पण सर्वांत मोठा हिस्सेदार म्हणून प्रश्न तर विचारता येतो. जून २०२०मध्ये निसर्ग वादळाने मंडणगड, दापोली, श्रीवर्धनची वीज आणि फोन दोन्ही गेले. मुंबईची मुलं आईबापांची खुशाली कळावी म्हणून हवालदिल झाली होती. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. आमच्याकडे वाडी खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला आणि टॉवर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. वीज गेली की डिझेल घेऊन वर कोण आणि किती तासांत पोचतं, यावर रेंज राहते की जाते हे ठरतं. किती टॉवरला पावसाळ्यात पुरेल एवढी बॅटरी आहे, एखादा टॉवर कायमचा बंद करायचा झाला तर ग्रामपंचायतीला आधी कळवतात का, याचा तालुकावार हिशेब सर्वच कंपन्यांकडून मागायला हवा. आणि जिथे सरकारचे स्वतःचे शेअर आहेत, तिथून सुरुवात करायला अडचण कसली?

आपल्या वार्ताहरांनी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या खासदारांना हा प्रश्न संसदेत विचारायची विनंती करावी आणि उत्तर आलं की ते छापावं. तोवर चौकटीतलं २०१८ तेवढं दुरुस्त करा.

आपला नम्र,
एक निवृत्त दुकानदार,
रत्नागिरी