जर्मनीत फी नाही, पण बारा लाख आधी दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालाचा सीझन आला की तुमच्या पेपरात परदेशी शिक्षणाच्या जाहिराती आणि लेख सुरू होतात, हल्ली त्यात जर्मनी जास्त असतं आणि जर्मनी म्हटलं की "मोफत शिक्षण" मोठ्या अक्षरात असतंच. ते खोटं नाहीये. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी खरंच नाही, सेमिस्टरला शंभर ते तीन-चारशे युरो भरले की झालं. पण तेवढ्यावर भरवसा ठेवून आमच्या निफाड तालुक्यातली कितीतरी घरं मुलांना जर्मनच्या क्लासला घालतात आणि खरा आकडा समजतो तो अ‍ॅडमिशन लेटर हातात पडल्यावर. माझ्या पुतणीच्या वेळेला हे सगळं जवळून बघितलं म्हणून लिहितोय.

तो आकडा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च या खात्यात एकरकमी भरून दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. पोरगी तिथे पोचली की महिन्याला त्यातले ९९२ युरो तिला मिळतात, त्याच्या वर काढता येत नाहीत. २०२२ मध्ये हेच १०,३३२ युरो होते आणि युरो ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांना मिळायचा, म्हणजे साडेआठ लाखांत काम व्हायचं, आता युरोने शंभरी ओलांडलीय त्यामुळे बाराच्या वर जातं. पैसे आपलेच असतात आणि व्हिसा नाकारला तर परत मिळतात हे मान्य, पण शेतकऱ्याने ते एका दमात उभे कुठून करायचे? शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत याचा दाखला) लागतं त्याचे १८,००० रुपये, व्हिसाचे ७५ युरो, विमानाचं तिकीट, गरम कपडे, हे वेगळंच.

आणि फी सगळीकडे माफ आहे असंही नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि गंमत नाही तर वाईट याचं वाटतं की याच राज्याशी आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने पण २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून अशी फी सुरू केली, मास्टर्सला सेमिस्टरला चार ते सहा हजार युरो.

आता कर्जाचं. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर सरकारी बँका तारण मागतात, मोजक्या नावाजलेल्या विद्यापीठांना सूट मिळते तेवढीच. दादांची, म्हणजे पुतणीच्या वडिलांची, पाच एकर द्राक्षबाग आहे, रस्त्याला लागून, विकायला काढली तर बारा लाखांपेक्षा कितीतरी जास्त येतील. बँकेतल्या साहेबांनी सातबारा बघितला आणि टेबलावरून तसाच परत सरकवला, म्हणाले शेतजमीन चालत नाही, एनए प्लॉट किंवा फ्लॅट आणा. कारण थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला थेट विकू देणाऱ्या सरफेसी कायद्यात शेतजमीन येत नाही, कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता ती विकता येत नाही. कायदा शेतकऱ्याची जमीन वाचवायला आहे आणि तो असायलाच हवा, पण त्याच सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा चढवायला बँकेला अडचण नसते आणि पोरीच्या शिक्षणाला मात्र तो कागद शून्य किमतीचा होतो, हे पटत नाही. घर दाखवलं तर ते गावठाणातलं, ग्रामपंचायतीचा उतारा आहे पण मंजूर नकाशा नाही, म्हणून तेही नाही. मग फायनान्स कंपनी, तिथे तारण नको पण व्याज साडेबारा-तेरा टक्के आणि पोरगी शिकत असतानाच दर महिन्याला हप्ता सुरू. शेवटी मेहुण्यांनी नाशिकचा फ्लॅट तारण दिला म्हणून सरकारी बँकेतून काम झालं, त्यातही वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, स्टॅम्प सगळं आपल्याच खिशातून. ज्यांचे कोणी शहरात फ्लॅटवाले मेहुणे नाहीत त्यांनी काय करायचं?

तिकडे गेल्यावर ९९२ युरोत भागतं का तर जेमतेम. हेल्थ इन्शुरन्स महिन्याला एकशेचाळीस-पन्नास युरो, मोठ्या शहरात खोलीचं भाडं निम्म्याहून जास्त खातं, डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात, घरात टीव्ही असो नसो महिन्याला १८.३६ युरो प्रसारण वर्गणी भरावीच लागते. पार्टटाइमला वर्षाला १४० पूर्ण दिवस परवानगी आहे, पण जर्मन बोलता येत नसेल तर पहिले काही महिने काम मिळणं अवघड जातं. आणि दुसऱ्या वर्षी तिथे राहण्याचं परमिट वाढवताना पुन्हा पैशाची सोय दाखवायची असते, हे तर कोणी सांगतच नाही.

सरकारी मदतीचं बघितलं तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, सारथीची मराठा मुलांसाठी, जागा प्रत्येकी ७५, आणि विद्यापीठ जागतिक रँकिंगमध्ये वरचं हवं. जर्मनीतली अप्लाइड सायन्सेसची (प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणावर भर देणारी) विद्यापीठं, जिथे आपली बरीच मुलं जातात, ती त्या यादीत बहुधा नसतातच. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना देशातल्या संस्थांसाठीच आहे, अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी कर्जाचं व्याज भरणारी पढो परदेश योजना २०२२ मध्ये बंद झाली. राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या मुलांच्या कर्जाला निदान साडेसात लाखांच्या वरच्या रकमेची हमी घ्यावी, जर्मनीशी करार करणाऱ्या सरकारला हे जड नाही.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत मोफत शिक्षणाचा लेख छापाल तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटची त्या वर्षीची रक्कम रुपयांत आणि तारणाला काय चालतं काय नाही हे पण त्याच पानावर छापा. आणि ज्यांची मुलं आत्ता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड काढून घ्यावं आणि तेवढ्यावर तारण चालेल का हे आपल्या बँकेत आत्ताच विचारावं, अ‍ॅडमिशन लेटर आल्यावर या कागदांना वेळ उरत नाही.

आपला,
एक वाचक, निफाड (जि. नाशिक)