दवाखाना कशावर चालतो

उमरेड

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, चॅटबॉटच सगळं सांगायला लागला तर आपल्या डॉक्टरांना कोण विचारणार? मग तीन वर्षं पीजी करून काय उपयोग?" ओपीडी भरलेली होती, म्हणून मी "नंतर बोलू" म्हटलं. पण तुझा आवाज उतरलेला होता आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर हे धड बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

खोटा धीर देत नाही. आपल्या कमाईला धक्का बसणार आहे, आणि त्याची सुरुवात झालेली मला माझ्या बाकावर दिसते. पूर्वी रक्त तपासून आलेला माणूस लॅबमधून सरळ माझ्याकडे यायचा, "मॅडम, रिपोर्ट दाखवायचा होता" म्हणून. आता पोरं रिपोर्टचा फोटो काढून चॅटजीपीटीला विचारतात, आणि तो मराठीत समजावून सांगतो. सगळं नॉर्मल असेल तर माझ्याकडे येतच नाहीत. सर्दी-पडसं, अ‍ॅसिडिटी, अंगावर उठलेलं पुरळ, बाळाला वरचं दूध कधी सुरू करू, बीपीची गोळी चालूच ठेवू का, असे प्रश्नही हळूहळू तिकडेच जातील. जे शहरात बसून अ‍ॅपवर चॅट करून सल्ला देतात, त्यांची कमाई आधी जाईल, कारण त्यांच्याकडे विकायला शब्दांशिवाय दुसरं काही नाही.

आता कॉलेजात शिकवत नाहीत ते सांगते. दवाखाना कठीण केसवर चालत नाही, सोप्यांवर चालतो. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शेतात निंदणाला जाणारी एक बाई आली. पाच-सहा दिवसांपासून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, प्लेटलेट उतरलेले, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. तिचा मुलगा नागपुरात कामाला आहे. त्याने सगळी लक्षणं फोनमध्ये टाकून विचारलं होतं, आणि उत्तर चांगलं आलं होतं. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आणि चौथं नाव स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप. अंगावर कुठे काळी खपली आहे का बघा, असंही त्यात लिहिलं होतं. मुलाने आईला फोनवर विचारलं, ती म्हणाली, "नाही बाबा, काही नाही." मी पडदा ओढला, तिला टेबलवर घेतलं आणि परकराचा नाडा सैल करायला सांगितला. नाड्याखाली, कमरेच्या मागच्या बाजूला, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लाल कडं. तिथे तिची नजर पोचत नव्हती आणि ती खपली दुखत नाही, म्हणून तिला पत्ताच नव्हता. डॉक्सिसायक्लिन सुरू केली, दोन दिवसांत ताप उतरला. हाच आजार उशिरा कळला की फुप्फुसं आणि किडनीवर जातो. 2018 साली नागपूर भागात याची साथ आली होती तेव्हा आपण सगळ्यांनी ते पाहिलंय.

त्या मुलाने विचारलं ते बरंच केलं. यंत्राने योग्य प्रश्न सुचवला, पण परकराचा नाडा सैल करायला माणूस लागला. एवढ्यावर थांबलं तर आपल्या मनाला बरं वाटेल. पण मुक्ता, पुढचा हिशेब बघ. ती खपली शोधायला मला वीस मिनिटं लागली आणि त्याची फी मी घेतली तेवढीच, जेवढी सर्दीची घेते. तो वेळ मला परवडला, कारण त्या दिवशी सर्दीचे पंधरा-वीस पेशंट होते. उद्या ते पंधरा-वीस घरीच राहिले आणि माझ्याकडे फक्त खपलीवाले उरले, तर त्याच फीत दवाखान्याचं भाडं, कंपाउंडरचा पगार, लाइटबिल कुठून निघणार? खरा धोका मला इथे दिसतो. डॉक्टरची गरज राहील, पण गरज राहिली म्हणून आपोआप पोट भरेलच असं नाही.

म्हणून वेळेचे आणि जबाबदारीचे पैसे मागायला शिक. आमच्या पिढीने ते कधी मागितले नाहीत, गोळी आणि इंजेक्शनच्या आडून घेतले. तुला ते उघडपणे सांगता आलं पाहिजे: मी तुमचं नीट ऐकून घेईन, पूर्ण तपासेन, तीन दिवसांनी फोन करून विचारेन, आणि याची फी एवढी. गरिबाला त्यातून सूट दे, तो आपला घरचा रिवाज आहे.

फी कमी पडायला लागली की दुसरी वाट समोर येईल, कटची, म्हणजे कमिशनची. सीटी स्कॅनवाल्याचा कट, लॅबचा कट, मोठ्या हॉस्पिटलात पेशंट पाठवल्याचा कट. आत्ताच आजूबाजूला काय चालतं ते तू सुट्टीत आलीस की ऐकतेस. ओपीडी उतरली की हे वाढेल अशी मला भीती आहे. त्या वाटेला जाऊ नकोस. आणि आता तर पेशंट घरी जाऊन फोनला विचारणारच, "मला ही तपासणी खरंच लागत होती का?" एकदा उत्तर "नाही" आलं की तो माणूस तुझ्या पायरीवर पुन्हा चढणार नाही.

तू रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचायची ब्रँच, घ्यायला घाबरलीस हे मला कळलं. 2016 साली एआयमधले मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. माणूस साधासुधा नव्हे, पुढे 2024 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तरी आज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रेडिओलॉजिस्ट कमीच पडतात, कारण स्कॅनच इतके वाढले. छातीचा एक्स-रे वाचून टीबीचा संशय सांगणारं सॉफ्टवेअर आपल्या मुंबईच्या क्यूअर.एआयने बनवलं, आणि अशा सॉफ्टवेअरचा वापर टीबीच्या तपासणीसाठी करायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली. जिथे एक्स-रे वाचायला कुणी नव्हतंच, तिथे त्याने कुणाची नोकरी घेतली नाही. आवड असेल तर रेडिओलॉजी जरूर घे. फक्त नुसतं काळोख्या खोलीत बसून रिपोर्ट लिहिणारी होऊ नकोस. सोनोग्राफीचा प्रोब आणि बायोप्सीची सुई हातात असू दे.

कायद्याचं म्हणशील तर 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही. तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच, यंत्राने त्याला मदत करावी. पण या भरवशावर निर्धास्त राहू नकोस. मला यंत्रापेक्षा हॉस्पिटलच्या मालकाची काळजी वाटते. पाच डॉक्टरांचं काम यंत्राकडून करून घ्यायचं आणि खाली सही करायला एक ठेवायचा, हा हिशेब कुणीही मॅनेजर मांडेल. सही तुझी, म्हणजे ग्राहक न्यायालयात उभी राहणारही तूच. तपासल्याशिवाय सही करायला सांगणारी नोकरी कितीही पगार देत असली तरी धरू नकोस.

एक गोष्ट मला फार लागली. 2023 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. लोकांनी इंटरनेटवर विचारलेले 195 प्रश्न, त्यांना डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटबॉटची उत्तरं नावं झाकून वैद्यकीय तज्ज्ञांसमोर ठेवली. सुमारे 79 टक्के वेळा त्यांनी चॅटबॉटचं उत्तर पसंत केलं, आणि ते जास्त आपुलकीचंही वाटलं. ती लेखी उत्तरं होती, समोर पेशंट नव्हता, हे मान्य. पण आपण दोन वाक्यांत वाटेला लावतो म्हणून लोक तिकडे जातात, हे नाकारता येत नाही. रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईला तो न कंटाळता दहा वेळा उत्तर देतो. त्याच्यावर रागावून काही होणार नाही.

तूही तो वापर, मी वापरते. फक्त आधी स्वतःचं निदान कागदावर लिही आणि मग त्याला विचार. पोलंडमध्ये चार केंद्रांवर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करणारे अनुभवी डॉक्टर एआयच्या मदतीने काम करायला लागले, आणि मग ती मदत नसताना त्यांना गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 वर आलं. हे 2025 मध्ये छापून आलंय. तू तर अजून शिकते आहेस. सोपे पेशंट बघूनच आमचा हात बसला. तुमच्या पिढीला ते कमी मिळतील, म्हणून इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टी आणि पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) ड्युटी टाळू नकोस. जितकी पोटं चाचपता येतील तितकी चाचप.

ब्रँच तुझी तू निवड. मला विचारशील तर जनरल मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिन, जिथे एकाच घरातल्या तीन पिढ्या तुला ओळखतात. पण सरकारी सीट मिळाली तरच. कोटी रुपयांच्या घरात जाणारी खासगी सीट कर्ज काढून घ्यायची नाही, यावर बाबा आणि मी ठाम आहोत. पुढच्या दहा वर्षांत फीचं काय होईल ते आज कुणालाच सांगता येत नाही, आणि डोक्यावर हप्ता असला की कटला नाही म्हणायची ताकद राहत नाही. यंदा रँक नाही आला तर एक वर्ष इथे माझ्याबरोबर बस, आणि पुन्हा परीक्षा दे.

पीजीच्या सीटसाठी चॉइस फिलिंग सुरू व्हायच्या आधी एक रविवार काढून ये. बाबांनी बँकेचे कागद काढून ठेवलेत, तिघं मिळून बसू. येताना तुझा जुना लिटमन स्टेथोस्कोप आण, माझ्या स्टेथोची नळी चिरली आहे.

तुझी,
आई