आक्काची वाकळ तुमच्या घरी असेल तर…

सप्रेम नमस्कार,

आपल्या गावची आक्का गेल्या कार्तिकात गेली. ९१ वर्षांची होती. नात्यानं ती माझी आत्या, पण हे आवाहन मी वाचनालयाचा कार्यवाह म्हणून करतो आहे, कारण तिच्या हातच्या वाकळी, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, माण तालुक्यातल्या कितीतरी घरांत आहेत. बाळंतपण उरकून लेक सासरी निघाली की तिच्या गाठोड्यात आक्काची वाकळ असायचीच.

ऐन तिशीत कपाळ पांढरं झालं, तरी ती कुणाच्या दारात राहिली नाही. आम्ही तिला चार वेळा पुण्याला नेलं. पंधरा दिवसांत एसटीनं परत. १९७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची आणि रात्री कंदिलापाशी टाके घालायची. पुढं नजर अधू झाली, तेव्हा शाळेला निघालेल्या पोरांकडून सकाळीच दहा सुया ओवून घ्यायची. मूठभर शेंगदाणे हा त्यांचा मेहनताना. त्या दहा सुया तिला संध्याकाळपर्यंत पुरत.

तिचा धावदोरा कडेनं सुरू व्हायचा आणि फिरत फिरत मध्यावर येऊन थांबायचा. इरकलीचा काठ ती कधी वाया जाऊ द्यायची नाही. शिवताना ओठांवर ओवी असे:

लुगडं गं जुनं झालं, काठ मी राखियले
लेकीच्या वाकळंला चारी बाजूंनी लावियले

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या नावागावासह. आमच्या आक्काच्या मात्र जेमतेम चाळीस ओव्या भाचीच्या मोबाइलमध्ये आहेत. आणि तिच्या स्वतःच्या अंगावरची वाकळ रिवाजाप्रमाणे अंथरुणासोबत गेली. त्या दिवशी आम्हा कुणालाच सुचलं नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

म्हणून ही विनंती. तुमच्याकडची वाकळ एक दिवस वाचनालयात आणा. फोटो काढून, कुणासाठी आणि कधी शिवली ते लिहून घेऊन त्याच दिवशी परत देऊ. जिला तिची ओवी येते तिनं येऊन म्हणावी. अर्धी आठवत असली तरी चालेल. ज्या पाच वाकळी घरच्यांनी वाचनालयाला दिल्या आहेत, त्यांच्यासाठी कपाट हवं आहे. घडी घातली की कापड घडीवरच विरतं, म्हणून त्या मांजरपाटात गुंडाळून नळीवर ठेवायच्या आहेत. या कामाला ६०,००० रुपये लागतील. २५,००० कुटुंबानं दिले आहेत. बाकीच्यासाठी दहा रुपयेही पुष्कळ आहेत. प्रत्येकाला पावती मिळेल आणि हिशेब फळ्यावर लागेल.

वाचनालय रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. लांबच्यांनी निरोप पाठवला तर आम्ही घरी येऊ.

आणि एक: आणण्यापूर्वी वाकळ धुऊ नका. जुना दोरा पाण्यानं तुटतो. आहे तशीच आणा, बाळाच्या तेलाच्या डागांसकट.

आपला,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय